तणसामागचा माणूस

सन्माननीय अध्यक्ष प्रेमानंदजी, मंचावरील पाहुणे, आज निरोप घेणारे सत्कारमूर्ती चंपतराव, आणि बाहेरून आलूबोंड्यांचा वास येत असूनही जागेवर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी अरुंधती. आपल्या विनाचालक गाडीला अचानक समोर आलेला अडथळा ओळखायला शिकवणं हे माझं काम. कॅमेरा पाहतो, लेझरचे किरण अंतर मोजतात, समोर काय आहे ते ठरतं आणि ब्रेक लागतो. किती सोपं, नाही का? तरी गाडी चुकलीच, तर सावरायला स्टिअरिंगमागे चंपतराव असायचे.

रामटेकच्या रस्त्यावर आम्ही हरलो. कापणीनंतर तिथे लोक धान तणसासकट, म्हणजे पेंढ्यासकट, रस्त्यावर पसरतात, जाणाऱ्या गाड्यांनी मळणी व्हावी म्हणून. आपली गाडी प्रत्येक पसाऱ्यापुढे थांबायची. मुंबईचे पाहुणे बघायला येणार होते. मी तिला शिकवलं, तणस दिसलं तर थांबायचं नाही.

चंपतराव म्हणाले, "मॅडम, तणसामांगं माणूस राहतेच. ते का आपल्या पायानं आलं रस्त्यावर?" आम्ही हसलो. मी जरा जास्तच.

आठवड्याभरात मीराबाई नावाच्या बाई डोक्यावर तणसाचा भारा घेऊन रस्त्यात वाकल्या. गाडीला फक्त तणस दिसलं. चंपतरावांनी स्टिअरिंग ओढलं, गाडी बाभळीवर गेली. मीराबाईंना ओरखडाही नाही. चंपतरावांचा उजवा हात मात्र कायमचा निकामी झाला.

अहवालात आहे, 'समोर अडथळा नसताना चालकाने हस्तक्षेप केला.' खाली सही माझी. गाडीच्या नोंदीत तणसच होतं ना! मीराबाईंना कोणी विचारलं नाही. चंपतराव एवढंच म्हणाले, "तुमच्या गाडीले नाही दिसली, मले दिसली."

आज हे सांगून काय होणार? काहीही नाही. अहवाल चुकीचा आहे असं मी दोनदा लिहून दिलं, विषय संपला म्हणून उत्तर आलं. सोमवारपासून गाडी चालकाच्या रिकाम्या सीटने रामटेकला जाईल. तणसाचा नियम तोच आहे, आणि धान कापणीला आलं आहे.

चंपतरावांची शाल घसरते आहे, त्यांचा हात पोचत नाही. कुणीतरी सावरा.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. वेळ जास्त घेतला, एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. त्या सहीची क्षमा मात्र मी मागत नाही. मागितली, तर चंपतराव लगेच देऊन टाकतील.