मान बरी झाली, मेंदूला कळलं नाय

माझं माहेर महाडकडच्या डोंगरातलं, न् लगीन होऊन आले पोलादपूरला, उमरठच्या वरल्या वाडीत, म्हंजे एक डोंगर उतरले न् दुसरा चढले, तेवढाच फरक. आमचे हे मुंबईला कापडाच्या दुकानात, गणपतीला न् शिमग्याला येणार, बाकी घरात मी न् सासू. सासू म्हंजे काय सांगू तुमाला, बोलायची कमी न् हसायची त्याहून कमी.

मान गेली ती गवताच्या भाऱ्यापायी. दिवाळीनंतरचे दिवस, उतरणीवर पाय सटकला, मी खाली न् भारा मानेवर. महाडला नेली, फोटो काढला, बोलले हाड शाबूत हाय, शिरा ताणल्यात, गळ्यात पट्टा बांधला. पट्टा निघाला, सूज गेली, दुखणं काय जाईना. वर्ष उलटलं तरी मानेपासून हातापर्यंत आग, झोप नाय, हंडा बघितला तरी भीती वाटायची. परत फोटो काढला, त्यात काय नाय. मंग वाडीतल्या बाया बोलायला लागल्या, फोटोत नाय तर दुखतंय कुठं. ह्यांनी फोनवर सांगितलं, तू उगाच मनाला लावून घेतेस. सासू काय बोलायची नाय, हंडे तीच आणायची, पण तिचं ते न बोलणंच मला लागायचं. खरं सांगते, मलाच वाटाय लागलं, आपण ढोंग तर करत नाय ना.

एक दिवस सासूच बोलली, चल, महाडला नवीन डॉक्टरीण आलीय. त्या बाईने मान तपासली, झोप विचारली, भीती कसली वाटते तेपण विचारलं. मंग बोलली, ताई, तुमची मान केव्हाच बरी झालीय, पण मेंदूला ते कळलेलं नाही, तो अजून धोका हाय म्हणून ओरडतोच आहे. दुखणं आवरणारी रसायनं मेंदू स्वतःच बनवतो, झोप नसली, सारखी भीती असली की ती कमी पडतात. तिने बारकी गोळी दिली, बोलली, ही मन खचलेल्या माणसांनापण देतात. मी उठलेच, बोलले, मी काय वेडी नाय. तवर सासू पुढं सरकली न् तिने विचारलं, म्हंजे हिला दुखत नाय?

डॉक्टरीण बोलली, दुखतं, आजी. अगदी खरं दुखतं.

मी तिथंच रडले, काय करणार. सासूसमोर कुणीतरी ते बोललं होतं. मंग डॉक्टरणीने सांगितलं, थोडं थोडं चाला, वजन हळूहळू उचला, माणसांत बसा, हसा, त्यानंपण मेंदूला मदत होते. सासूने त्यातलं हसणंच धरलं. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या वाटेवर बोलते, ऐक गो. लग्नात मान खाली, नवरा काय दिसला नाय, तर मी पुढं बरेच दिवस मोठ्या दिरालाच नवरा समजून चांगली मऊ भाकरी त्याला वाढायची, न् तुझा सासरा करपलेली खायचा गप. मी बांधावर बसून हसले, हसताना वळून तिच्याकडं बघितलं, न् मान वळली हे मला मागून कळलं. सासू बोलली, झाली सकाळची गोळी.

एका दिवसात काय गुण आला नाय, म्हयने गेले. पण गणपतीला हे आले, तर सासूने हंडा त्यांच्या खांद्यावर दिला, बोलली, तिला खरं दुखतंय, डॉक्टरणीने सांगितलंय, पाणी तू आण. साहेब मुंबईची इस्त्रीची पँट घालून विहिरीवर, न् सगळी वाडी बघतेय.

आता गोळी डॉक्टरणीनेच हळूहळू बंद केली. झोप मोडली, काळजी लागली, तर कळ येते अजून, पण मी घाबरत नाय, मान तुटली नाय हे मला म्हायती हाय. लहान भारा आणते. सासूच्या खऱ्या गोष्टी कवाच संपल्या, आता ती मनाने रचून सांगते, मला सगळं कळतं, तरी हसू येतंच. चहा घ्या तुमी, थंड होतोय. देव तुमची मान ताठ ठेवो.