पत्नीचा आवाज परत मिळण्याबाबत

विषय : वरीलप्रमाणे. संदर्भ : एक, तिच्या घशाचं ऑपरेशन; दोन, तिने वाचलेले बत्तीस धडे. तर उपरोक्त विषयी तुम्हाला सांगतो, या कॉम्प्युटरने मला दारोदार फिरवलंय हो... आणि तेही खुर्चीवरून न उठवता!

ही शाळेत शिकवायची. आजारी मुलांसाठी धडे वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवायची. ऑपरेशननंतर आवाज गेला, आता पाटीवर लिहिते. परवा लिहिलं, "माझा आवाज कसा होता, विसरत चाललेय. एकदा ऐकवा." मी म्हटलं, ऐकवतो, त्यात काय! तर फायली शाबूत, पण त्या उघडणारा प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वीचा, नव्या कॉम्प्युटरवर नाहीच.

भाचा या धंद्यातला. फोनवर म्हणतो, "मामा, पडद्यावरची ती काळी खिडकी उघडा, तिच्यात एक ओळ टाइप करा. कशाला काय लागतं ते तीच शोधून आणते." टाइप केली. खिडकी म्हणते, प्रोग्रॅम हवा? त्याच्याआधी अमुक पॅकेज, म्हणजे त्याला लागणारा जोडप्रोग्रॅम, आणा. अमुक मागितलं, तर त्याच्याआधी तमुक आणा. तमुक म्हणतं, येतो, पण मला आवाजाचं जुनं पॅकेज लागतं, आणि जुनं म्हणतं, आधी नव्याला घालवा, एका घरात आम्ही नांदणार नाही!

खोटं कशाला बोलू, मला राग नाही आला. ओळख पटली! छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत मी दुसरं काय केलं? दाखला हवाय? त्याच्याआधी ते आणा. एक म्हातारी बाई यायच्या, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, "साहेब, मग सुरुवात तरी कुठून करू?" मी मान वर न करता म्हटलं, "ते या टेबलाचं काम नाही."

असो. शेवटी खिडकीने लांबलचक यादी काढली आणि खाली विचारलं, पुढे जाऊ, हो की नाही? मी 'हो' दाबलं. जन्माची सवय! कागद समोर आला की खाली सही. आणि पडदा गेला, चित्रं गेली, बाण गेला, उरली फक्त ती काळी खिडकी.

"मामा, एकेचाळीस पॅकेजं काढून टाकू का विचारत होती ती! वाचलं नाहीत?"

"अरे, वाचून सह्या केल्या असत्या तर त्या फायली संपवत मी अजून नोकरीतच असतो!"

हिने पाटी पुढे केली. "बोलत होते तेव्हा तरी कुठे ऐकत होतात?"

...खरं आहे. छत्तीस वर्षं संध्याकाळी ही बोलायची आणि मी पेपर वाचायचो. तो आवाज कसा होता, विचाराल तर मलाही सांगता येत नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही.

भाच्याला म्हटलं, "बाबा रे, सुरुवात कुठून करू?" आणि म्हणताना कानाला ते शब्द ओळखीचे वाटले. तो, गुणी पोर, म्हणाला नाही की हे माझं काम नाही. म्हणाला, "ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्यालाच विनंती करू. नव्या कॉम्प्युटरवर चालेलसा करून दे म्हणू." केली. त्याच्याच कॉम्प्युटरवरून. उलट टपाली उत्तर आलं, यंत्राचं : आपली विनंती नोंदवली आहे, क्रमांक सहाशे बारा.

रोज सकाळी ही पाटी दाखवते, "आलं?" आणि मी, त्या बाईंना सांगायचो त्याच सुरात सांगतो. फक्त आता मान वर करून.

अर्ज प्रलंबित आहे.