वाटेवरचे शेंदरी देव

बेळगावात माझ्या वयाचा, जंगलात पळणारा दुसरा गडी न्हाय. म्हणजे आहेत, पण ते माझ्या पुढं असतात.

खानापूरकडच्या जंगलात डोंगराला वळसा घालून येणारी पळायची वाट आहे. तिथं मी आणि वडगावात माझ्या शेजारच्या मागावर साड्या विणणारा शिवाप्पा, आम्ही शर्यत लावली. हरेल त्यानं कट्ट्यावर बसून परत पळण्याचं नाव काढायचं न्हाय. शिवाप्पा लई देवभोळा; पायात बूट असताना देवापुढनं कधी जाणार न्हाय. म्हणून आदल्या दिवशी मी वाटेवरच्या चार-पाच दगडांना शेंदूर फासून आलतो. प्रत्येक ठिकाणी नाड्या सोडा, पाया पडा, परत नाड्या बांधा. तेवढ्यात मी चहा पिऊन बसतो की!

पहिल्या दगडापाशी तो थांबला. मी हसत पुढं गेलो. थोड्या वेळानं मागनं आवाज आला, "सरका अण्णा!"

बघतो तर गड्यानं बूट गळ्यात अडकवलेले, आणि दिसंल त्या देवाला पळता पळता हात जोडत, ओल्या खडकावरनं अनवाणी निघालाय. माझे नवे बूट मात्र पावलोपावली घसरत होते.

मी पोचलो तेव्हा तो पाय पसरून बसलेला.

"लबाडी केलीस, शिवाप्पा. शर्यत बूट घालून पळायची होती."

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. "नखातला शेंदूर अजून गेला न्हाय, अण्णा. देव तुम्ही बसवलासा. आता दर अमावास्येला नारळ घेऊन डोंगर चढायचा तो तुम्हीच."