जित्याची दुवा की मेल्याची

(ताडकळसच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या हमीदाबींनी सांगितलेलं, त्यांच्याच बोलीत.)

मी मूळची पेडगावची बगा. आमी मणेर, म्हंजे बांगड्या भरणारे मुसलमान. माझा बाप बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून खेड्याखेड्यानं हिंडायचा आन् मी त्याच्या मागं मागं, आई लवकर गेली ना, मंग मला घरी ठेवायचं कोणापाशी. शाळा काई झाली न्हाई. अरबीचं म्हणाल तर आमच्या गल्लीत एक म्हातारी व्हती, समदे तिला खालाम्मा मनायचे, तिनं आमा पोरींकून कुराणातलं अल्हम्दु आन् कुल्हुवल्ला पाठ करून घेतलं, चुकलं की कान धरायची. त्याचा अर्थ तिला बी ठाव नव्हता आन् आमी बी कधी इचारला न्हाई. एकदा एका पोरीनं इचारलं तर मनली, ज्याला सांगायलीस त्याला कळतंय ना, मंग तुला काय करायचं. आता काय सांगू तुमाला ताई, तवा ते बरोबर वाटायचं. आता कवा वाटतंय, कवा न्हाई.

लगीन झालं आन् हितं ताडकळसला आले. घरात सासू, एक दीर रज्जाक, आन् आमी दोघं. मालकाचं नाव मी घेत न्हाई, नसीमाचे अब्बा म्हणते, नसीमा माझी लेक, एकच हाय. ते स्टो दुरुस्त करायचे, बाजाराच्या दिवशी पोतं हातरून बसायचे, मी शेजारी बांगड्या घेऊन. मंग घरोघर गॅस आला आन् स्टोला कोण इचारतंय. मंग ते बोअर पाडायच्या गाडीवर कामाला लागले, तेलंगणाकडं, कर्नाटकाकडं, जिकडं गाडी जाईल तिकडं. सणाला घरी यायचे, अंगावर समदी दगडाची पांढरी भुकटी, सासू मनायची, आलं बगा माझं पिठाचं पोतं. लय हसवायचे ते. भांडण न्हाई, दारू न्हाई, कोणाशी वाकडं न्हाई. हे मी मुद्दाम सांगायले, कारन लोक पयले तेच इचारतेत.

ईद करून गेले आन् थोड्या दिवसांनी फोन लागंना. मंग गाडीच्या मालकाचाच फोन आला रज्जाकला. मनला, आमी एका बाजारच्या गावात चहाला थांबलो, तुमच्या भावाची चप्पल तुटली व्हती, शिवून आणतो मनून गेला तो आलाच न्हाई. आमी थांबलो, दवाखाने पाह्यले, ठाण्यात सांगितलं. रज्जाक तिकडं जाऊन आला, फोटो घेऊन दुकानादुकानात फिरला, चप्पल शिवणारा बी सापडला. तो मनला हाव, आला व्हता, चप्पल शिवली, घालून गेला. कुन्या बाजूनं गेला तर मनला ध्यान न्हाई.

बस. एवढंच हाय. याच्या पुढं मला कोणी काई सांगितलं न्हाई. माणूस मेला तर मयत असते, पळून गेला तर काईतरी कारन असतंय, हितं तर शिवलेली चप्पल घालून माणूस चालत गेला आन् गायब. तुमीच सांगा, याला काय म्हणावं.

मंग लोक यायला लागले. कोणी मने हे पड, म्हंजे ही दुवा मन, कोणी मने ते पड. सेलूहून माझी नणंद आली, तिनं चिठ्ठीवर लिहून आणलं व्हतं, मला वाचता येत न्हाई तर नसीमानं वाचून पाठ करून दिलं, हस्बुनल्लाहु व निअमल वकील. एक बाई मने हे न्हाई, अमकं पड, अमक्या नमाजानंतरच पड, न्हाई तर उलटं व्हतंय. मी एकीचं धरलं तर दुसरीचं सुटायचं, आन् सुटलं की वाटायचं, आजच येणार असतील आन् माझ्या चुकीनं अडकले. मजिदीत हाफिजजी हायेत, मंग त्यांच्याकडं गेले, पडद्याआडून इचारलं. ते मनले, बहन, इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन पडत जा.

ताई, आमच्या गावात मजिदीच्या भोंग्यातून ते कवा ऐकू येतंय? कोणी मेलं तवा. मी मनलं, हाफिजजी, तुमाला काई खबर आली का? ते गडबडले बिचारे. मनले, न्हाई न्हाई, ते मेल्यालाच मनतेत असं न्हाई, काईबी हरवलं तरी मनावं, दिवा इझला तरी मनावं, शेळी चुकली तरी मनावं, आपण समदे अल्लाचे आन् त्याच्याकडंच माघारी जाणार, असा त्याचा अर्थ हाय, त्यानं मनाला सबर येतो. मी घरी आले, तोंड उघडलं, इन्ना पोवतर आले आन् थांबले. कारन सासू समोर बसलेली. तिनं ऐकलं असतं तर ती काय समजली असती? मंग मी मनातल्या मनात मनायला लागले, आन् मनातच भ्याव वाटायचं, मी त्यांना मारायले का काय, मनून. दुवा हाय का काय हाय, तेच कळंना.

सासूचं सरळ व्हतं. ती मनायची, मेरा बेटा है करके मेरेकू मालूम, मेरा दिल बोलता. रज्जाकचं बी सरळ व्हतं. तो मनायचा, भाई असते तर एक फोन केला नसता का, भाभी, तुमी फातिहा द्या, त्यांच्या रूहला तरी आराम मिळंल. म्हंजे आई मने जित्याची दुवा कर, भाऊ मने मेल्याची कर, आन् मी मधात. मेल्याची करावी तर जिता माणूस मेला मनल्यासारखं. आन् खरंच मेले असतील, आन् मी नुसतं घरी आणा घरी आणा मनत बसले असंल, तर त्यांच्या कबरीवर कोणाचीच फातिहा न्हाई, बिचारे वाट पाहत असतील. इद्दतीला, म्हंजे नवरा मेल्यावर बाई घरात बसती तसं, बसू का नको? एक मने इतके वर्षं थांब, दुसरा मने तितके थांब. माझ्या हाताचं बी तसंच. मी बाजारात दुसऱ्यांच्या हातात बांगड्या भरणार आन् माझे हात? काढल्या तर सासू रडती. ठेवल्या तर रज्जाकची बायको खाली पाहती. मंग मी एका हातात ठेवल्या, एका हातातल्या काढल्या. हसू नका ताई. खरंच तसं केलं व्हतं काई दिवस.

एका लगीनघरी चुडा भरायला गेले व्हते, पाटलाच्या हितं. नवरीची आजी मनली, मणेरीणबाई, मालक हायेत ना तुमचे? आता काय सांगावं. न्हाई मनावं तर ते लोक दुसरीला बोलवणार, नवरीचा चुडा विधवेच्या हातानं भरत न्हाईत. हाय मनावं तर कुठं हायेत? मी मनलं, गावाला गेलेत आजी. ते खोटं व्हतं का ताई? मला अजून ठाव न्हाई. पोरीचा हात मऊ व्हता, चुडा सटासट बसला, एक बी काकण फुटलं न्हाई, आन् मी भरता भरता मनातल्या मनात अल्लाची माफी मागायले, कशाची ते समजंना तरी मागायले.

अशी काई वर्षं गेली, मंग सासूनं आयते करीमा बसवली. चार बाया जमून पांढऱ्या चादरीवर चिंचोके ओतायचे आन् एकेक चिंचोका उचलून मनायचं, ला इलाहा इल्ला अन्ता सुब्हानका इन्नी कुन्तु मिनज्जालिमीन. मोठ्या संकटात बसवतेत. गल्लीतल्या बाया आल्या. शेजारची सुमन बी आली, ती बौद्ध हाय, तिनं चिंचोके धुऊन वाळवून आणून दिले आन् कडंला बसून राह्यली. मधात चहा झाला तवा मला हळूच मनली, हमीदा, काय मागायल्याव गं तुमी एवढ्या जनी? मी मनलं, मालक मागायलाव. ती मनली, ते ठाव हाय, पण शब्द काय हायेत? आता तिनं इचारलं तवा मला लाज वाटली. हाफिजजीची बायको तितंच व्हती, आमी आपा मनतो तिला, लय शिकलेली हाय, जुम्याला बायांना शिकवती. तिनं सांगितलं, तुझ्याशिवाय कोणी न्हाई, तू पाक हायेस, मीच जुलूम करणाऱ्यातली.

मी मनलं, आपा, मी कुन्यावर जुलूम केला? माणूस माझा गेला आन् मीच मनू का, माझंच चुकलं? आपानं चहाचा कप खाली ठेवला. मंग मनली, ही युनुस पैगंबराची दुवा हाय, माशानं गिळलं तवाची. पोटात समदा अंधार. त्याला वाटलं आपण मेलो. मंग त्यानं पाय हलवून पाह्यला, तर हलला. मंग तितंच सजदा केला, माथा टेकला.

सुमन मनली, म्हंजे त्याला सवताला बी ठाव नव्हतं, जिता हाय का मेला.

आपा मनली, हाव.

त्या दिवशी मला लय रडू आलं, पण ते जरा येगळं व्हतं. रडून उठल्यावर भूक लागली. किती दिवसांनी, तर भूक लागली.

पण मालक काई आले न्हाईत. सव्वा लाख डाव पडून झालं, गोड वाटून झालं, सासू दारात बसून राह्यली, आन् न्हाई आले. मंग पुन्ना डोकं फिरलं माझं. दुवा पोचली न्हाई का? का पोचली आन् तिकडून न्हाई मनले? का येगळ्याच कशात दिली? कारन त्याच साली नसीमाचं जमलं, चांगल्या घरी, सेलूला, जिनिंगवर कामाला हाय जावई. तर काय, मी मागितलं एक आन् दिलं दुसरं, असं हाय का? मी इचारलं तर हाफिजजी मनले, असं बी व्हतंय. म्हंजे त्यांना बी पक्कं ठाव नसंल.

निकाहचं कार्ड छापायचं व्हतं. रज्जाक मनला, भाईच्या नावापुढं मरहूम, म्हंजे मेलेला, असं लिहावं लागंल, लोक काय मनतील. सासूनं काठीच उचलली त्याच्यावर, मनली, मेरे जीते जी नक्को. दोघं माझ्याकडं पाहायले. मला पटंल ते मी बोलले असते, पण मला काईच पटत नव्हतं. मंग नसीमाच बाहेर आली, मनली, चाचा, नुसतं अब्बाचं नाव टाका, पुढं काई नको, मागं काई नको. तसंच छापलं. निकाहला बापाच्या जागी रज्जाकच बसला. काजीनं मोठ्यानं नाव घेतलं मालकाचं, आन् त्याच टायमाला बाहेर एक फटफटी येऊन थांबली. ताई, मी पाह्यलं, रज्जाक, जो इतके वर्षं मनायला व्हता की भाई गेले, तो उठून उभा राह्यला आन् दाराकडं पाहायला. कोणीतरी पावना व्हता. रज्जाक खाली बसला आन् लहान लेकरावानी रडला. त्या दिवसापासून मी त्याच्यावर राग धरला न्हाई.

पुढं सासू गेली. शेवटपोवतर मनायची, मेरी मिट्टी कू वोच हात लगायेगा. न्हाई लागला त्यांचा हात. मला वाटलं व्हतं, आईचं मन खोटं सांगत न्हाई, आज तरी येतील. जनाजा घरातून निघाला आन् मी गल्लीच्या तोंडाकडं पाहत राह्यले.

जुम्याला आपाकडं गेले, मनलं, माझ्या सासूच्या जनाज्यात काय पडले ते तरी सांगा, आमी बाया तर तितं नसताव. आपा एकेक शब्द सांगायली. अल्लाहुम्मग्फिर लिहय्यिना, म्हंजे या अल्ला, आमच्या जित्यांना माफ कर. व मय्यितिना, आन् आमच्या मेलेल्यांना. व शाहिदिना, जे हितं हजर हायेत त्यांना. व गाइबिना.

मी मनलं, थांबा आपा. हे काय मनल्याव?

गाइबिना, ती मनली. जे हजर न्हाईत ते. गायब.

आता ताई, मला अरबीतलं काई येत न्हाई, पण गायब मला येतंय. ठाण्यातल्या साहेबानं बी तोच शब्द वापरला व्हता. मी मनलं, आपा, जनाज्याच्या नमाजात गायबाचं नाव हाय? ती मनली, हाय की. जित्याचं बी हाय, मेल्याचं बी हाय. मी मनलं, मंग ते एरवी मनलं तर चालंल का? घरी? मयत नसताना? आपा मनली, हाफिजजीला इचारून सांगते. दुसऱ्या दिवशी सांगितलं, दुवाच हाय, कवाबी मागा.

तवापासून मी तीच मनते, पाची टाईम. त्यात मला निवडावं लागत न्हाई ना. ते जिथं असतील, जसे असतील, चारापैकी कुठंतरी बसतेतच. सबर आला का म्हणाल तर, आला बी आन् न्हाई बी. परवाच बाजारात पाठमोरा एक माणूस दिसला, मान तशीच, मी गिऱ्हाइकाचा हात तसाच सोडून उठले. तो न्हाई. परत येऊन बसले, त्या बाईनं काई न बोलता हात पुन्ना पुढं केला. असे लोक बी हायेत ताई, अल्ला त्यांचं भलं करो.

हात आता दोन्ही भरलेले ठेवते बगा. बरोबर का चूक, ते वरच कळंल. नसीमाला दिवस गेलेत, तिला बी तीच दुवा शिकवली, अर्थासकट. तुमी एवढ्या लांबून आल्याव, माझं ऐकून घेतलं, तुमच्या लेकराबाळांना सुख लागो. आन् घरी गेल्यावर आमच्यासाठी बी हात जोडा, तुमच्या देवापुढं जोडा, काई हरकत न्हाई. फकस्त काय मागू मनून मला इचारू नका. ते मला बी अजून नीट कळलेलं न्हाई.