दूध तुटलेलं शिंगरू

इंग्रजांची जर्मनाशी लढाई संपली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कर्जतच्या बाजारात जनावरं पाण्यावर घालायला हाळापाशी ही रांग लागलेली. मार्थाबाई शेळीचं दावं धरून पुढच्या दोघांचं बोलणं ऐकत उभी होती. पुढं पलटणीतून परतलेला शलमोन नुकतंच दूध तुटलेलं शिंगरू कुरवाळत होता, आणि त्याचा चुलता याकोबनाना नुसता बघत होता.

"नाना, कसं हाय? खरं सांगा."

"लई झ्याक. पाय सरळ, छाती रुंद. पन बसायजोगं घ्यायचं सोडून हे बारकं कशाला?"

"मुद्दाम घेतलं. ह्याच्या पाठीवर बसायला अजून दोन-तीन वर्सं जातील. तवर गावाला सवय हुईल."

"कशाची?"

"आपल्यातला मानूस घोड्यावर बसून वेशीतनं जाताना बघायची. पलटणीत गोऱ्या सायबाच्या बरुबरीनं घोडा दौडवलाय म्या."

"पलटणीत वेस न्हवती, लेका. बाप्तिस्मा घेऊन दोन पिढ्या झाल्या, तरी गाव जात इसरत न्हाई."

"इसरंल."

"मिशनचं तट्टू माज्याकडं हुतं, आठवतंय? पयल्याच दिशी पाटलाच्या मानसांनी वेशीत मला खाली वढला. मग रोजच उतराय लागलो."

"म्या न्हाई उतरनार."

"म्याबी असंच म्हनलो हुतो."

"आन एवढ्या वर्सांत गावाला सवय झालीच न्हाई?"

"गावाला न्हाई, लेकरा. तट्टाला झाली. वेस दिसली की आपनहून थांबायचं, आन म्या उतरल्याबिगर पाऊल उचलायचं न्हाई."