दुसऱ्या गेरची चाल

न्हाई न्हाई, उत्तर देऊ नको, नुसती मान हालव. तुला बोलता येऊन राहिलं न्हाई, म्हणजेच तू लई जोरात पळून राहिली, नंदिनी. सरावाला पळताना बोलता आलं पाहिजे. माझं बघ, डोंगरकड्याच्या फाट्यापासून तोंड चालूच हाय का न्हाई? व्हय ना — आई म्हणते, शितलचे पाय थांबतील, तोंड न्हाई थांबायचं. हां, कमी कर. अजून. हळू पळायची लाज समद्यांनाच वाटते — पहिल्या दिवशी पोरी वाघ मागं लागल्यागत सुटतात आन् पुलापाशी पोट धरून बसतात. तुमच्याकडं हळद शिजवतात ना? एकदम जाळ केला की बुडाची गळून जाते आन् वरची कच्ची ऱ्हाते. जाळ एकसारखा पाहिजे. पळायचं बी तसंच हाय. आदी दम राखायचा, मंग शेवटाला सोडायचा.

हे मला कोणी शिकवलं? कोणीच न्हाई. मागच्या पोलीस भरतीत तोंडावर आपटले तवा कळलं. आमचा कुलदीपभैया रोज माझ्यामागं गाडी घेऊन ऱ्हाते, ठावं हाय ना तुला — त्या गाडीच्या भरवशावर तर तुझ्या बापानं तुला माझ्यासंगं सोडलं. तांड्यातली पोरगी अंधारात सडकंवर एकटी कशी पळंल? मंग भैया मागून लाईट पाडत येते. पण ती जुनी गाडी — पहिल्या गेरात तापते, दुसऱ्यात जरा हळू केली की बंद पडते, बंद पडली की ढकलत न्यावी लागते. म्हणून म्या पळायचं दुसऱ्या गेरच्या चालीनं. लोकायला वाटते गाडी माझ्या मागं चालते — मीच गाडीच्या चालीनं पळते. भरतीच्या ग्राऊंडावर शिट्टी वाजली तर मागं गाडी न्हाई, पण कानात ती चालूच. सुटले तशीच. पहिल्या चक्करला समद्यांच्या पुढं, भैया जाळीच्या बाहेरून वरडून राहिला, शाबास शाबास. दुसऱ्या चक्करला पाय माझे राहिलेच न्हाईत. एकेक पोरगी बाजूनं निघून गेली आन् मी बघत राहिले.

वाईट न्हाई ग तो. तोच तर घोळ हाय — वाईट असता तर भांडले असते. त्याला सोताला पोलीस व्हायचं होतं, छाती भरली न्हाई, मंग वय निघून गेलं. आता माझ्या पायानं पळून राहिला. माझ्या आदी उठते, माझे हरभरे भिजवते. म्हणलं भैया, सुरुवातीला हळू जाऊ दे, शेवटाला वाढवते — तर म्हणते, हळू पळून कोणी शिपाई झालं काय? समदा तांडा म्हणते, असा भाऊ नशिबानं भेटते. व्हय, नशिबानंच. पुढल्या आठवड्यात ग्राऊंड हाय. यंदा न्हाई निघाले तर सेनगावचं स्थळ — पोरगा चांगला हाय म्हणे, पण त्याच्या आईनं आताच सांगून ठेवलं, लग्नानंतर पळणं-बिळणं न्हाई. आन् निघाले तर भैयाची वर्दी म्या घालायची. मला काय पाहिजे? इचारलंच न्हाई ग कोणी. मला हे पाहिजे — हे आत्ता चाललंय ते. उजाडंपर्यंत, बोलता येईल एवढ्या चालीनं. लई जीव गुदमरते माझा त्या लाईटात.

आज काहून न्हाई गाडी? पंक्चर झाली. म्हणून तर आपण दोघीच. बाभळीचा काटा — इकडं काय कमी हायेत, लांबच्या लांब — रातच्याला घुसला असंल टायरात. असंल म्हणजे… अशी नको बघू. लई जोर लागते काटा घुसवायला, टायर कडक ऱ्हाते. हे बघ बोट. कोणाला सांगू नको, नंदिनी. ग्राऊंडाच्या आदी एक दिवस पाहिजे होता मला, एकच — माझी सोताची चाल कोणती हाय तेवढं कळायला. कळली. ही हाय, बघ, पायाला तकलीफ न्हाई, दम बराबर हाय, आन् मी बोलूनच राहिले की. अशी गेले तर दोन्ही चकरा निघतील. निघतील ग. ध्यानात ठेवायची आता ही, दुसरं काय —

थांब. ऐक. आपली गाडी न्हाई ती, आपलीचा आवाज मी झोपेतबी ओळखते. तांड्यातल्या भावसिंगकाकाची हाय, नवी. उसनी मागून आणली भैयानं. सडक बघ कशी पांढरी पडली, खडा न् खडा दिसून राहिला. नव्या गाडीचा दुसरा गेर केवढा जोरात ऱ्हाते, देव जाणे. मागं वळू नको. माझ्या बोटाकडंबी बघू नको. आता मला बोलता यायचं न्हाई.

तू ये सावकाश, आपल्या दमानं. गाडी माझ्यामागं हाय.