घाबरू नका

नवऱ्याच्या ऑपरेशनचा नंबर लागायची वाट बघत ती त्याचा हात घट्ट धरून बसली होती. सकाळपासून तिचं एकच चाललं होतं, "घाबरू नका हो." मागच्या बाकावर गप्पा रंगल्या होत्या.

"हात कशानं मोडला, दादा?"

"कुत्र्यानं ओढलं, मावशी. रस्त्यावर मार खाल्लेलं, आम्ही घरी आणलं. फिरायला नेलं की स्कूटर बघून उधळायचं."

"जवळ घेऊन समजवायचं की."

"तेच नडलं! स्कूटर दिसली की मी साखळी आवळणार आणि 'घाबरू नको' म्हणणार. शेवटी रिकाम्या रस्त्यावर नुसतं 'घाबरू नको' म्हटलं तरी शेपूट पायांत!"

"अगं बाई! मग?"

"बायको म्हणाली, तोंड आवरा. आता साखळी सैल सोडतो आणि भलतंच बोलतो. घरी पंखे पुसायचेत, म्हणतो."

"आणि ऐकतं?"

"काल स्कूटर शेजारून गेली. गडी माझ्याच तोंडाकडे बघत चालला होता."

नर्सनं नवऱ्याला हाक मारली. तो दचकला. तिनं त्याचा हात जरा सैल सोडला.

"अहो, गॅलरीतल्या कुंड्या उन्हात सरकवायच्यात."

"मोठ्या कुंडीला तू हात लावू नकोस," तो उठत म्हणाला. "मी आल्यावर बघतो."